वडिलांचे जहाजावरचे सोबती शोधायचे आहेत, पण नावंच आठवत नाहीत. काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: वडील 1981 ते 1995 मर्चंट नेव्हीत फिटर होते, आता कोल्हापुरात घरी असतात. एका जहाजावरचे ‘बत्ती साब’ (इलेक्ट्रिकल ऑफिसर) आणि तिथला भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, या दोघांना त्यांना भेटायचंय. नावं आठवत नाहीत. आणि सगळे जमलेच तर कोल्हापुरात हॉल कुठला घ्यावा?

‘कोल्हापूरला कुठला आलाय समुद्र’ असा विनोद तुम्ही प्रश्नातच केलाय, म्हणून लिहायला बसलो. उद्यमनगरात लेथवर हात बसलेली पोरं बोटीवर गेली ती समुद्र बघायला नव्हे. पंपाची स्लीव्ह झिजली आणि पुढचं बंदर दहा-बारा दिवस लांब असलं, तर जहाजावर सुटा भाग आणून द्यायला कोणी येत नाही. आहे त्या रॉडमधून टर्निंग करून तिथंच बसवावा लागतो. वडिलांना विचारा, सांगतील.

आता मुद्दा. फेसबुकवर नाव टाकून बघा असा सल्ला सगळे देतात. तो तुमच्या उपयोगाचा नाही, कारण जहाजावर माणसाला नावच नसतं. चीफ इंजिनिअर तो ‘बडा साब’, त्याखाली ‘सेकंड साब’, ‘तीन साब’, ‘चार साब’. इलेक्ट्रिकल ऑफिसर ‘बत्ती साब’, रेडिओ ऑफिसर ‘मार्कोनी साब’. क्रूमध्ये सारंग (म्हणजे क्रूचा मुकादम), टिंडल, कसब, सुखानी, तेलवाला, भंडारी, टोपास. आठ-नऊ महिने एका टेबलावर जेवलेल्या माणसाचं आडनाव माहीत नसणं यात वडिलांच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. तेव्हा माणूस शोधू नका. जहाज शोधा, मग तारखा, मग हुद्दा. नाव सगळ्यात शेवटी हाती लागतं.

सुरुवात सीडीसीपासून, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. जुने लोक तिला ‘नळी’ म्हणतात. प्रत्येक नोंदीत जहाजाचं नाव, ऑफिशियल नंबर, हुद्दा, साइन-ऑन आणि साइन-ऑफची (जहाजावर चढल्या-उतरल्याची) तारीख व बंदर, आणि कॅप्टनची सही असते. पुस्तक भरलं की नवीन मिळतं, त्यामुळे पंधरा वर्षांच्या नोकरीची एकाहून जास्त पुस्तकं असायला हवीत. एकच सापडलं तर ट्रंकेत पुन्हा शोधा. शाई उडाली असेल तर पान खिडकीपाशी तिरकं धरून मोबाईलने फोटो काढा. बॉलपेनचा दाब कागदावर राहतो आणि तिरक्या उजेडात अक्षर उठून दिसतं. पान ओलं करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कॅप्टनच्या सहीशेजारचा गोल शिक्काही वाचा. त्यात बऱ्याचदा नोंदणीचं बंदर, टनेज आणि इंजिनची हॉर्सपॉवर असते, आणि नाव पुसलं तरी हे आकडे कामाला येतात.

ऑफिशियल नंबर आणि आयएमओ नंबर यांची गल्लत करू नका. ऑफिशियल नंबर त्या देशाच्या नोंदणीचा. झेंडा बदलला की तोही बदलतो. आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर सात आकडी, जहाज भंगारात जाईपर्यंत तोच. जहाज विकलं जातं, नाव बदलतं, गुजरातेत अलंगला मोडीत पोचेपर्यंत तिसरं-चौथं नाव लागलेलं असतं, म्हणून हा नंबर हवा. ही पद्धत 1987 ची, सक्तीची झाली 1 जानेवारी 1996 पासून, आणि जहाजाच्या अंगावर तो ठळक रंगवायची सक्ती 2004 ची. म्हणून 1985 च्या फोटोत तो शोधत बसू नका. जुन्या जहाजांना लॉइड्स रजिस्टर या जहाजं तपासून नोंदवणाऱ्या संस्थेचा नंबर होता आणि पुढे तोच आयएमओ नंबर झाला. जहाजांचे फोटो जमवणाऱ्यांच्या साइटवर नाव आणि बांधणीचं साल टाकलं की मिळतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला नंबर खरा का खोटा ते घरी तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे नंबरातला सातवा. उदाहरणार्थ 9074729: 63 + 0 + 35 + 16 + 21 + 4 = 139, शेवटी 9, जुळलं. एखादा आकडा पुसट असेल तर तोही यातून काढता येतो, पण सगळ्या जागांचा सारखा नाही. पहिला किंवा पाचवा पुसट असेल तर उत्तर एकच निघतं. दुसरा, चौथा किंवा सहावा असेल तर दोन शक्यता उरतात, त्यांच्यात 5 चा फरक. तिसरा असेल तर फक्त सम का विषम एवढंच कळतं.

नंबर मिळाला की इक्वासिस या जहाजांच्या माहितीच्या वेबसाइटवर मोफत नोंदणी करून जहाजाचा इतिहास बघता येतो. साधारण 2000 च्या आधी मोडीत गेलेलं जहाज मात्र तिथे मिळण्याची आशा कमी.

आता फोटो. इथे माझी आणि एका निवृत्त कॅप्टन मित्राची जुनी खडाजंगी आहे, ती आज मिटवूनच टाकतो. त्याचं म्हणणं, जहाज फनेलवरून, म्हणजे धुराड्यावरून, ओळखावं. फनेलचा रंग कंपनीभर एकच असतो हो! शिपिंग कॉर्पोरेशनची ‘विश्व’ने सुरू होणारी नावं आठवा, ग्रेट ईस्टर्नची ‘जग’ने, सिंदियाची ‘जल’ने. फनेलने कंपनी कळते, जहाज कळत नाही.

उद्यमनगरातल्याच एका फिटरचं प्रकरण बघा. सीडीसीचं पान भिजलेलं, नावातलं ‘विश्व’ एवढंच शिल्लक, पुढचं धुऊन गेलेलं. त्याला ठामपणे एक नाव आठवत होतं, आणि त्या नावाच्या क्रूमध्ये चौकशी केली तर याला कोणीच ओळखेना. कॅप्टनसाहेब फनेल आणि क्रेन बघून म्हणाले, तेच जहाज. घरात आणखी एक फोटो होता: इंजिन रूममध्ये चेन ब्लॉकला पिस्टन टांगलेला, मागे शेजारच्या युनिटचं सिलिंडर हेड. त्या हेडवर मधोमध मोठा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्पष्ट दिसतोय. आणि ज्या जहाजाचं नाव तो घेत होता त्यावर होतं सुल्झर आरएनडी जातीचं इंजिन. आरएनडीच्या हेडवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतच नाही. धूर लायनरच्या पोर्टमधून बाहेर पडतो, आणि हेडवर फ्युएल व्हॉल्व्ह, स्टार्टिंग एअर व्हॉल्व्ह, रिलीफ व्हॉल्व्ह एवढीच मंडळी. हेडवर मधोमध एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे त्या काळी बहुतेक करून बर्माइस्टर कंपनीचं इंजिन. म्हणजे जहाज दुसरं. मग त्याच कंपनीची, त्या इंजिनची, शिक्क्यातल्या हॉर्सपॉवरशी जुळणारी जहाजं काढली तेव्हा यादी एकदम आखूड झाली, आणि भिजलेल्या पानावरची उरलीसुरली रेघ त्यातल्या एकाच नावाला बसली. त्याने आठवलेलं नावही खोटं नव्हतं, फक्त ते त्याच्या आधीच्या काँट्रॅक्टचं होतं. आठवणीत दोन जहाजं एकमेकांत मिसळणं हे नेहमीचंच. कॅप्टनसाहेब अजूनही म्हणतात की क्रेन तशाच होत्या. असतील.

फोटोत आणखी बघायचं ते असं. लाइफबॉयवर (बुडणाऱ्याला फेकायच्या गोल रिंगवर) जहाजाचं नाव आणि नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं; वाढदिवसाच्या फोटोत मागे भिंतीला तो हटकून दिसतो. बाहेरून काढलेल्या फोटोत पाण्याच्या रेषेवरच्या गोलाशेजारची दोन अक्षरं बघा: एलआर म्हणजे लॉइड्स, आयआर म्हणजे इंडियन रजिस्टर, एनव्ही म्हणजे नॉर्वेवाले. फोटोच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असेल तर बंदर कळतं आणि ते सीडीसीतल्या तारखांशी ताडता येतं.

आता तुमच्या दोन माणसांकडे. दोघांना शोधायची रीत वेगळी.

बत्ती साब ऑफिसर. ऑफिसर एकेकटे बदलले जायचे, त्यामुळे त्यांच्या तारखा वडिलांच्या तारखांशी अर्ध्यामुर्ध्याच जुळतील. दोघांची गट्टी का जमली तेही सांगतो. फिटर आणि बत्ती साब दोघेही डे-वर्कर. बाकीचे वॉचला, म्हणजे पाळीने: 12–4 ला तीन साब, 4–8 ला सेकंड, 8–12 ला चार साब. दिवसभर मोटर उतरवायची, बेअरिंग बदलायचं, संध्याकाळी मोकळं, ही या दोघांचीच चैन. तेव्हा वडिलांना ‘तुमच्याबरोबर कोण होतं’ असं विचारू नका, काही निघणार नाही. ‘कुठली मोटर जळाली होती, रिवाइंडिंग कुठल्या बंदरात केलं, क्रेनचा ब्रेक कोणी सोडवला’ असं विचारा. कामातून माणूस येतो.

कॅप्टन मित्राचा दुसरा हट्ट असा, की डफरिन, राजेंद्र, डीएमईटी या ऑफिसर घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाका, सगळे सापडतात. बॅचमेट सापडतात, शिपमेट नाही. बत्ती साब तर त्यात नसणारच. इलेक्ट्रिकल ऑफिसरला सक्षमतेचं प्रमाणपत्र लागू झालं ते खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनंतर, 2012 पासून. त्याआधीचे बत्ती साब गिरण्यांतून, पॉवर हाउसमधून, नौदलातून आलेले. त्यांची बॅच नाही की डिनर नाही. त्यांना गाठायचं तर त्या कंपनीच्या निवृत्तांच्या ग्रुपवर जहाज, साल आणि हुद्दा, एवढंच टाका. वडिलांचं वर्णन दोन ओळींत, फोटो एक. त्या वेळचे चार साब किंवा मार्कोनी साब आधी सापडतील आणि ते बत्ती साबचं नाव सांगतील.

भंडारी क्रूचा. त्या काळी क्रू बऱ्याचदा एकगठ्ठा बदलायचा, म्हणजे साइन-ऑन आणि साइन-ऑफची तारीख व बंदर वडिलांचंच असण्याची शक्यता मोठी. हा इंटरनेटवर सापडणार नाही, गावात सापडेल. वडील त्याच्या हातच्या जेवणाबद्दल काय सांगतात ते ऐका. तिरफळ घातलेली आमटी म्हणत असतील तर कोकणाच्या खालच्या, दक्षिणेकडच्या अंगाला जा. रत्नागिरी, गुहागर, दापोलीकडचा असेल तर आंबा घाट उतरायचा. देवगड-मालवणचा असेल तर राधानगरीवरून फोंडा घाट किंवा गगनबावड्यावरून. कोकणात गावागावांत जहाजावरून निवृत्त झालेली माणसं आहेत. सारंग अनेकदा आपल्याच पंचक्रोशीतली माणसं जहाजावर न्यायचा, म्हणून सारंगाचं गाव कळलं की अर्धा क्रू कळतो. गावातल्या मशिदीच्या जमातीत, देवळाच्या मानकऱ्यांकडे, पोस्टात विचारा. गोव्याचा असेल तर गावचं चर्च, आणि मुंबईत धोबीतलाव-माझगावकडचे त्यांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहायची घरं. नुसी (खलाशांची युनियन) किंवा भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाकडून दुसऱ्याचा पत्ता मागू नका, देणार नाहीत आणि देऊही नये. आपला नंबर घातलेलं पत्र द्या आणि ‘संबंधितांना पोचवा’ अशी विनंती करा.

वडिलांनी ब्रिटिश झेंड्याखाली 1976 पर्यंत काम केलं असतं तर त्या काळच्या बहुतेक क्रू लिस्ट न्यूफाउंडलंडच्या मेरिटाइम हिस्ट्री आर्काइव्हमध्ये मिळाल्या असत्या. तुमच्या कामाचं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचे आजोबा पी अँड ओ किंवा क्लॅन लाइनवर असतील तर त्यांनी 1951 ते 1976 ची साल धरून विचारावं. 5 ने संपणाऱ्या सालांच्या लिस्ट मात्र ग्रीनिचच्या संग्रहालयात आहेत.

नंबर मिळाला की लगेच वडिलांच्या हातात फोन देऊ नका. आधी तुम्ही करा, घरच्यांशी बोला, माणूस आहे का, तब्येत कशी आहे ते बघा. मग वडिलांनी बोलताना आधी जहाजाचं नाव, मग साल, मग हुद्दा, आणि शेवटी आपलं नाव सांगावं. नावापासून सुरुवात केली तर समोरचा विमा विकणारा समजून ठेवून देतो.

हॉल कुठलाही घ्या, पण तळमजल्याचा किंवा लिफ्टचा आणि लहान. इंजिन रूमच्या आवाजाने कान गेलेली माणसं मोठ्या घुमणाऱ्या हॉलमध्ये एकमेकांचं एक अक्षर ऐकू शकत नाहीत. माईकने आणखी बिघडतं. ऑफिसर आणि क्रू यांची टेबलं वेगळी मांडू नका, यावर मी कुणाचं ऐकणार नाही. 25 जून हा नाविकांचा दिवस असला तरी पावसात कोकणवाल्यांना घाट चढायला लावू नका. 5 एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन, घाट कोरडे असतात. फक्त जोतिबाच्या चैत्र यात्रेची तारीख आधी बघून घ्या, नाहीतर लॉजवर खोली मिळायची नाही. पांढरा रस्सा भरपूर, तांबडा बेताने, निम्म्या लोकांना बीपी असतं.

आणि हो, सीडीसीचं पान ग्रुपवर जसंच्या तसं टाकू नका. जन्मतारीख, ओळखीची खूण, सही सगळं त्यावर असतं. नोंदीची ओळ तेवढी कापून टाका. जुना शिपमेट म्हणून कुणी पैसे मागितले तर त्याला विचारा, त्या जहाजाचं मेन इंजिन कुठलं होतं.