सीईटी दुसऱ्यांदा द्यायची, पण पुण्याला जाऊन का?

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले, केळीची शेती आहे. मुलगी यंदा बी.कॉम. झाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. नोव्हेंबरात कॅट (आयआयएमसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) दिली, 63 पर्सेंटाइल आले. राज्याच्या एमबीए सीईटीत 81. सीईटीत वेळ संपला आणि तीसेक प्रश्न तसेच राहिले. तिला वर्षभर थांबून दोन्ही परीक्षा पुन्हा द्यायच्या आहेत आणि पुण्याला क्लास लावायचा आहे. घरचे म्हणतात, वर्ष वाया जाईल. आम्ही इतर मागासवर्गात येतो. काय करावं?
– एक पालक

उत्तर :
नमस्कार भाऊ,

परीक्षा पुन्हा द्यावी. पुण्याला मात्र सध्या पाठवू नका. दोन्हींचं कारण तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या कॅटच्या स्कोअरकार्डातच आहे. तिथे इंग्रजीत 41, गणितात 58 आणि डीआयएलआर म्हणजे तर्क व माहिती विश्लेषणात 80 पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढे, दिसतात. आता सीईटीचा पेपर पाहा. 200 प्रश्नांत लॉजिकल रीझनिंगचे 75 आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टचे (आकृत्यांवरच्या तर्काचे) 25, म्हणजे निम्मा पेपर तर्काचा. गणित 50, इंग्रजी 50. मुलीचा हात जिथे चालतो, तिथेच या परीक्षेत सर्वांत जास्त गुण आहेत.

कॅटचं गणित वेगळं आहे. 2024 मध्ये तिथे 68 प्रश्न होते, त्यातले 24 इंग्रजीचे. प्रत्येक विभागाला 40 मिनिटं ठरलेली; एका विभागातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण, पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की 1 वजा. 41 वरचं इंग्रजी एका वर्षात तिथे पुरेल इतकं वर येणं अवघड आहे. अशक्य म्हणत नाही. म्हणून मुख्य परीक्षा सीईटी धरा. कॅट द्यायला हरकत नाही, सराव होतो. पण दोन्ही डगरींवर सारखाच पाय ठेवायचा नाही, आणि बाकीच्या चार खासगी परीक्षांचे अर्ज तर भरूच नका.

राहिलेल्या तीस प्रश्नांचं मला सर्वांत वाईट वाटलं. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. प्रश्न न वाचता तीसही ठिकाणी एकच पर्याय टिचकला असता, तरी सरासरीने सात-आठ बरोबर आले असते. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पट्ट्यात उमेदवारांची दाटी असते, तिथे सात-आठ गुणांनी बराच फरक पडतो.

इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

150 मिनिटांत 200 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. विभागवार वेळ ठरलेला नसल्याने तो तूच ठरवायचा. तुझ्यासाठी मी अशी वाटणी सुचवीन : अ‍ॅब्स्ट्रॅक्टला 15 मिनिटं, लॉजिकलला 55, इंग्रजीला 35, गणिताला 40. शेवटची 5 मिनिटं नवा प्रश्न हातात घ्यायचा नाही, रिकामे राहिलेले सगळे भरायचे. मॉक म्हणजे सराव परीक्षा देतानाही ही पाच मिनिटं पाळ, नाहीतर खऱ्या परीक्षेत ती आठवत नाहीत.

लॉजिकलमध्ये वेळ जातो तो बैठक-रचनेच्या गटांत. गोल टेबल, आठ माणसं, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर. चूक बहुतेक वेळा डाव्या-उजव्याची होते, कारण बाहेर तोंड असलेल्याची डावी बाजू कागदावर उलटी येते. आकृतीत प्रत्येक नावापुढे बाण काढायची सवय लावून घे. दुसरं, वाक्यं दिलेल्या क्रमाने सोडवायची नाहीत. जागा पक्की सांगणारं वाक्य आधी शोधायचं, ‘अमुक तमुकच्या शेजारी नाही’ अशी वाक्यं शेवटी. दीड मिनिटात दोन माणसंही जागेवर बसली नाहीत तर तो गट सोडून पुढे जा. पाच प्रश्नांच्या लोभाने नऊ मिनिटं एकाच गटात घालवणं, हीच तुझ्या तीस रिकाम्या प्रश्नांची मूळ जागा असणार. घरी जुनी मॉक काढून वेळ मोजून बघ.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये पूर्ण आकृतीकडे पाहत बसू नको. एका वेळी एकच गोष्ट तपास : रेषांची संख्या, फिरण्याचा कोन, रंगवलेला भाग, ठिपक्याची जागा. एका गोष्टीने दोन-तीन पर्याय गळतात, उरलेल्यांसाठी दुसरी. 40 सेकंदांच्या वर एकाही आकृतीला द्यायची नाहीत.

गणिताची सुरुवात पुन्हा पहिल्या धड्यापासून करू नको. दुसऱ्यांदा बसणारे हटकून हेच करतात. ओळखीचे व्हिडिओ पुन्हा बघितले की सगळं येतंय असं वाटतं, आणि ऑगस्ट सरेपर्यंत एकही मॉक झालेली नसते. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, मिश्रण, काळ-काम, वेग-अंतर, व्याज हे अंकगणित आधी पक्कं कर, मग माहिती विश्लेषण, संभाव्यता सर्वांत शेवटी. सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो (कॅटमध्ये पडद्यावर साधा असतो), त्यामुळे 30 पर्यंत पाढे आणि वर्ग, 15 पर्यंत घन आणि 1/2 ते 1/20 या अपूर्णांकांची शेकडेवारी तोंडावर हवी. 57.14 टक्के दिसले की 4/7 सुचायला हवेत. मग 2100 चे 57.14 टक्के काढायला कागद लागत नाही, उत्तर 1200. यासाठी रोज सकाळी वीस मिनिटं, महिनाभर. इतकं पुरतं.

इंग्रजीत तुझी अडचण शब्दांची कमी आणि वेगाची जास्त असावी. मराठी माध्यमातून आलेली मुलं वाक्य मनात मराठीत करत वाचतात, आणि उताऱ्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. उपाय कंटाळवाणा आहे : रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख, घड्याळ लावून, मध्ये शब्दकोश न उघडता. वाचून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचा आशय मराठीत एका ओळीत लिही. ओळ जमली नाही तरच तो परिच्छेद पुन्हा वाच. शब्द नंतर बघ, दिवसाला पाच-सहा. व्याकरणात आर्टिकल, प्रिपोझिशन आणि कर्ता-क्रियापद मेळ या तीन ठिकाणी जास्त चुका होतात, तेवढ्यावरच आधी बस. शब्दसंग्रहाची जाड पुस्तकं आणू नको.

मॉक सप्टेंबरपासून आठवड्याला एक, डिसेंबरपासून दोन. मोबाइलवर देऊ नको. परीक्षा संगणकावर असते आणि माउसने पर्याय निवडण्याचा वेगही सरावाने येतो. घरी संगणक नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासिकेत किंवा सायबर कॅफेत अडीच तासांची जागा ठरवून घे. सीईटी सकाळ-दुपार अशा सत्रांत होते, म्हणून काही मॉक जेवणानंतरच्याही दे. मार्चच्या उन्हात दुपारी डोकं कसं चालतं, ते आधी कळलेलं बरं.

मॉक दिल्यावर तिच्या दुप्पट वेळ तपासणीला. वहीत प्रत्येक चुकीपुढे कारण लिही : येत नव्हतं, चुकीचं वाचलं, आकडेमोड चुकली, की सोडायला हवा होता आणि सोडला नाही. पाच मॉक झाल्या की कारणं मोज. ‘येत नव्हतं’ कमी आणि बाकीची तीन जास्त निघाली, तर पुस्तकाकडे परत जाऊ नको, सरावच वाढव.

भाऊ, आता तुमच्यासाठी. वरच्या कामातलं पुण्याशिवाय अडतं असं काहीच नाही. ऑनलाइन मॉक-मालिका घ्या, गणितासाठी हवा तर जळगावात क्लास बघा. ऑक्टोबर संपेपर्यंत मॉकचे गुण हललेच नाहीत तर पुण्याचा विचार करू. तोवर खोली, मेस आणि फीचे पैसे शिल्लक राहतील.

वर्ष वाया जाण्याची भीती बरोबर आहे, पण ती घरी नुसतं बसण्याची. या तयारीला रोज चार तास पुरतात. उरलेल्या वेळात मुलीला सीएच्या ऑफिसात किंवा डाळमिलच्या हिशेबाला अर्धवेळ बसवा, टॅली आणि जीएसटीचं काम हाताखालून जाऊ द्या. कॅटवर प्रवेश देणाऱ्या संस्थांच्या मुलाखतीत मधल्या वर्षाबद्दल विचारतात, तेव्हा हे काम सांगता येतं. आणि तिसरा प्रयत्न नाही, हे आजच घरात ठरवून टाका. दुसऱ्यांदा जे गुण येतील त्यावर प्रवेश घ्यायचा, भले तो जळगावातला असो.

कागदपत्रांचं आत्तापासून बघा. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर या महिन्यातच अर्ज करा, त्याला वेळ लागतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी चालेल असं नूतनीकरण करून ठेवा. कॅटच्या अर्जाला राज्याचा दाखला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि केंद्राची जातयादीही वेगळी आहे, त्यात आपली नोंद आहे का ते आधी तपासा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही काढा. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. पण प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झाला तरच. कॉलेजने स्वतःच्या कोट्यातली जागा देऊ केली तर ही सवलत मिळत नाही.

परीक्षेची तारीख दरवर्षी सरकते. 2024 मध्ये सीईटी 9 ते 11 मार्चला झाली, 2025 मध्ये 1 ते 3 एप्रिलला. तयारी फेब्रुवारीअखेर पुरी होईल असा हिशेब धरा, आणि अर्ज सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच भरा.