रिपोर्ट येईपर्यंत

प्रिय बाळा,

काल रात्री फोनवर तू एकच वाक्य तीनदा बोललास, "सर, डॉक्टर म्हणाले आतड्यातली गाठ चांगली दिसत नाही." मग मला झोप लागेना, म्हणून पहाटेच लिहायला बसलो.

आतड्यात दुर्बीण घातल्यावर दिसला तो फक्त संशय. आजाराचं नाव ठरेल ते बायोप्सीवर, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीवर. तो तुकडा फॉर्मालिनमधून (तो टिकवणाऱ्या द्रवातून) काढून मेणात बसवतात, त्याचे काप करून रंगवतात, मग तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यालाच आठवडा जातो. आतड्याचा कॅन्सर बहुतेकदा साध्या पॉलिपमधून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या फुगवट्यातून, वर्षानुवर्षं घेत वाढतो. तपासण्या नीट होण्यात गेलेल्या एक-दोन आठवड्यांनी सहसा बाजी हातची जात नाही. मात्र पोट फुगलं, वारा सरेना, उलट्या सुरू झाल्या किंवा खूप रक्त जाऊन चक्कर आली, तर रिपोर्टची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठ.

मला हाच कॅन्सर झाला तेव्हा आठ महिने शौचातून रक्त जात होतं. एका दवाखान्यात न तपासताच मूळव्याधीचं मलम लिहून दिलं आणि मी लाजेपोटी दुसरीकडे गेलो नाही. तू महिन्याच्या आत गेलास. फार शहाणपणाचं केलंस.

आता डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचार: गाठ मोठ्या आतड्यात आहे की अगदी खाली, गुदाशयात? आतड्यात असेल आणि पसरली नसेल तर बहुधा आधी ऑपरेशन. गुदाशयात असेल तर एमआरआय होतो आणि बऱ्याचदा आधी रेडिएशन-केमो देतात. म्हणून शेजारच्या काकांच्या उपचाराशी स्वतःचा ताडून बघू नकोस. छाती-पोटाचा सीटी आणि रक्ताची सीईए तपासणी (या कॅन्सरचा माग ठेवणारी) दोन्हीकडे लागतेच. लग्न व्हायचंय तुझं, तेव्हा पुढे मूल होण्यात अडचण येऊ नये म्हणून केमो-रेडिएशनआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दलही डॉक्टरांना विचार. संकोच करू नकोस, नंतर विचारून उपयोग नसतो.

दुसरं मत घ्यायचं असेल तर आपल्या नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) आहे, तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. जाताना नुसता कागद नको, लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घे. खर्चाची धास्ती आहे हे कळतं मला. महात्मा फुले योजनेसाठी (सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेसाठी) रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघ. पुढचं हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, आरोग्यमित्राला, विचार.

आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा. आज सोड, या क्षणी सोड. खर्र्यानं तोंड उघडायचं कमी होतं, मग भूल देताना नळी घालणं अवघड जातं. तंबाखूनं जखमही लवकर भरत नाही. हिमोग्लोबिन बघून घे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंडी, दही, वरण पोटभर खा आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर चालून ये. अंगात ताकद असली की ऑपरेशन सोसवतं.

एक गोष्ट मनातून जात नाही. माझा रिपोर्ट आला तेव्हा भाऊ एकटाच केबिनमध्ये गेला. मी बाहेर बाकावर. दाराच्या काचेतून दिसलं, तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. बाहेर येऊन म्हणाला, "काही नाही, थोडी सूज आहे." पुढचे चार दिवस घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. ते चार दिवस मला केमोपेक्षा जड गेले. तुझ्या घरचेही प्रेमापोटी असंच करतील. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, "जे असेल ते माझ्यासमोर बोला." आणि आईला आजच सांग. तिला कळलेलं असतंच रे, नुसतं बोलता येत नसतं.

रात्री दोन वाजता भीती वाटली तर मोबाइलवर शोधत बसू नकोस, मला फोन कर. मी उचलीन.

गुरुवारी दहाला तुझ्या दाराशी येतो, रिपोर्ट आणायला सोबत जाऊ. फाइलमध्ये दोन कोरे कागद ठेव. केबिनमध्ये तू विचार, मी लिहून घेईन.

तुझे,
सर