दोन प्रिंट, एक टाइमलाइन : वाचकांचे एडिटिंगचे प्रश्न

प्रश्न : एका जुन्या पिक्चरच्या माझ्याकडे दोन डिस्क आहेत. ब्लू-रे एकदम स्वच्छ आहे पण त्यात दोन सीन कापलेत, डीव्हीडीवर ते आहेत. घरी बघायला दोन्ही मिळून पूर्ण पिक्चर करतोय. ब्लू-रेच्या चित्राखाली डीव्हीडीचा आवाज लावून बघितला तर सुरुवातीला जुळतो आणि थोड्या वेळात पुढे पळतो, परत जुळवला की परत तेच. कुठे चुकतंय?

उत्तर : जुळवण्यात काही चूक नाही, दोन्हींचा स्पीडच वेगळा आहे. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे किंवा पुढे असेल तर क्लिप सरकवून काम होतं, पण फरक वाढत जातोय म्हटल्यावर कितीही सरकवा, उपयोग नाही. सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमनी आणि पाल टीव्ही (भारत-युरोपातली पद्धत) चालतो २५ वर, म्हणून पाल डीव्हीडी बनवताना बहुतेक वेळा पिक्चर सरळ २५ नी पळवलेला असतो. १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजही थोडा वर चढतो, अर्ध्या सुरापेक्षा जरा कमीच, पण गाणं ओळखीचं असेल तर कानाला लगेच खटकतं.

आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे दोन्ही फाइल उघडून फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बघा. डीव्हीडी २५ आणि ब्लू-रे २३.९७६ निघाली (बहुतेक हेच निघेल) तर डीव्हीडीच्या क्लिपचा स्पीड ९५.९०४ टक्के करा. बरेच जण ९६ टाकतात, ते बरोबर २४ च्या फाइलसाठी ठीक आहे, इथे १०० मिनिटांत जवळजवळ ६ सेकंदांचा घोळ होतो. इंटरप्रिट फुटेजसारखा ऑप्शन (फाइल सेकंदाला किती फ्रेमची समजायची ते सांगणारा) असेल तर तोच वापरा, कारण त्यात प्रत्येक मूळ फ्रेम जशीच्या तशी राहते, फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) मात्र बंदच ठेवा नाहीतर हालचालीला भुतासारखी सावली येते. स्पीड कमी करताना पिच (आवाजाचा सूर) कायम ठेवायची टिक काढा, चढलेला आवाज खाली यायला हवाय ना! काही डिस्कवर तो आधीच दुरुस्त केलेला असतो, तेव्हा टिक राहू द्या. एकच डायलॉग दोन्हीकडून ऐकला की कळतं. आणि टाइमलाइन (क्लिप ओळीने लावायची पट्टी) पहिल्यापासूनच २३.९७६ ची घ्या, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधे एकदा क्लिप लावल्या की त्या टाइमलाइनचा फ्रेमरेट बदलता येत नाही.

प्रश्न : डीव्हीडीच्या सीनमधे कोणी पळालं की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. डीइंटरलेस केलं (त्या रेषा घालवायचा फिल्टर लावला) तर चित्र मऊ पडतं.

उत्तर : सरसकट डीइंटरलेस करू नका, आधी फ्रेम एकेक करून पुढे सरकवून बघा. तीन फ्रेम स्वच्छ, दोन फ्रेमवर रेषा, परत तीन स्वच्छ असं चक्र दिसलं तर ती एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) डिस्क आहे, तिथे सिनेमाच्या ४ फ्रेम व्हिडिओच्या ५ फ्रेममधे वाटून भरलेल्या असतात. त्याला इन्व्हर्स टेलिसिने, म्हणजे ती वाटणी उलटी फिरवणं, लागतं, त्याने मूळ ४ फ्रेम पूर्ण डीटेलसकट परत मिळतात. हे सगळं स्पीडला हात लावायच्या आधी. खरा इंटरलेस (एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेला) म्हणजे मुळातच व्हिडिओ कॅमेऱ्याने शूट केलेला, त्यालाच डीइंटरलेस करा.

प्रश्न : दोन सोर्सचे रंग जुळतच नाहीत, जोड लगेच कळतो.

उत्तर : सगळे खराब क्लिपला चांगल्यापर्यंत ओढायला जातात आणि तिथेच फसतात, कारण डीव्हीडीत जे डीटेल नाहीच ते शार्पनेस वाढवून येत नाही, फक्त कडा पांढऱ्या होतात. माझं मत विचाराल तर जोडाच्या आसपास चांगली क्लिपच थोडी खाली आणा, अगदी किंचित ब्लर पुरतो. रंगाआधी काळा आणि पांढरा जुळवा, तेही डोळ्याने नाही, वेव्हफॉर्म (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) बघून, मग चेहऱ्याचा रंग, बाकीचं त्यानंतर. हिरवा-लाल सगळीकडेच जरासा घसरलेला वाटला तर डीव्हीडीचे रंग रेक ६०१ (डीव्हीडीचं रंगांचं मानक) ऐवजी रेक ७०९ (एचडीचं) म्हणून वाचले जातायत का ते तपासा, कारण ते सेटिंग चुकलेलं असेल तर तासभर ग्रेडिंग करूनही हाती काही लागत नाही. ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) सगळ्यात शेवटी, दोन्हींवर एकसारखा.

जोड नेहमी मूळ कटवरच द्या, चालू शॉटच्या मधे कधीच नको. आवाजाचा जोड मात्र कटच्या काही फ्रेम आधी किंवा नंतर, छोट्या क्रॉसफेडने (एक आवाज कमी होत दुसरा वाढत जातो), कारण मागची खरखर दोन्हीकडे वेगळी असते आणि चित्राबरोबर तीही एकदम बदलली की कान पकडतो.

प्रश्न : आजोबांची ८ एमएमची रिळं स्कॅन करून आणली. मोबाइलच्या व्हिडिओत घातली तर सगळे धावतायत!

उत्तर : मूक ८ एमएम साधारण १६ फ्रेमनी आणि सुपर ८ साधारण १८ नी शूट व्हायचं, तुमची फाइल २४ किंवा २५ नी चालतेय. १६ किंवा १८ म्हणून इंटरप्रिट करा. चावीचे कॅमेरे काटेकोर नव्हते, तेव्हा शेवटचा निर्णय माणसांच्या चालण्याकडे बघून घ्या. मोबाइलच्या क्लिपचा फ्रेमरेट मधेच बदलत असतो, त्या आधी हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट (कायम एकच) फ्रेमरेटला काढून घ्या, आणि रिळाचं ४:३ चित्र ताणून १६:९ करू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत.