कोल्हापूरहून प्रश्न आलाय: एसक्यूएल येतं, जावा येत नाही. काफ्कावरच्या (नोंदींचा अखंड प्रवाह साठवून पुढे पोचवणारी प्रणाली) सतत येणाऱ्या डेटावर काम जमेल का?

जमेल. फ्लिंक हे अशा वाहत्या डेटावर हिशोब करणारं इंजिन, आणि त्याच्या फ्लिंक एसक्यूएलमध्ये जावाची एक ओळही न लिहिता बरंच काम होतं. अडतं ते वेळेच्या हिशोबाशी.

तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून राजाराम बंधाऱ्याचंच उदाहरण घेतो. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे पावसाळ्यात इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. समजा तिथला सेन्सर दर मिनिटाला पंचगंगेची पातळी काफ्काच्या टॉपिकवर, म्हणजे नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रवाहात, टाकतोय. नेहमीच्या डेटाबेसात क्वेरी मारली की उत्तर येतं आणि विषय संपतो. इथे क्वेरी चालूच राहते, नवी नोंद आली की निकाल पुढे सरकतो. टॉपिकवर टेबल बांधा, 15 मिनिटांच्या टम्बलिंग विंडो, म्हणजे एकापाठोपाठ एक, एकमेकांवर न चढणारे वेळेचे तुकडे, पाडा, सरासरी काढा आणि हॅविंगमध्ये 39 ची अट घाला. एकाच नोंदीवर इशारा देऊ नका, एखाद्या लाटेनेही आकडा उडतो.

आता खरी गोम. नेटवर्क जातं ते नेमकं मुसळधार पावसात. 10:05 ला मोजलेली पातळी 10:40 ला पोचली, तर ती कुठल्या विंडोत धरायची? मोजल्याच्याच वेळेच्या, नाहीतर पाणी कधी चढलं हेच चुकेल. म्हणून ती वेळ नोंदीतच हवी आणि टेबलात तिच्यावर वॉटरमार्क लावायचा: इतका वेळ वाट बघेन, मग विंडो बंद. तो 10 मिनिटांचा ठेवला आणि त्याच पार्टिशनमध्ये (टॉपिकच्या एका भागात) राधानगरी, नृसिंहवाडीच्या नोंदी वेळेवर येत असल्या, तर त्या वॉटरमार्क पुढे ढकलतात आणि राजारामची उशिरा आलेली नोंद गुपचूप गळते. एररही येत नाही. उलट राजारामचं पार्टिशन वेगळं असेल आणि ते गप्प झालं, तर सगळ्याच विंडो अडकतात. त्यासाठी आयडल टाइमआउट द्यावा लागतो, म्हणजे ठरावीक वेळ गप्प राहिलेल्या पार्टिशनची वाट बघणं थांबतं.

वाट जास्त बघितली तर इशारा उशिरा, कमी बघितली तर नोंदी गहाळ. पुराच्या कामात मी दोन क्वेरी ठेवेन: इशाऱ्यासाठी छोट्या विंडोची आणि कमी वाट बघणारी, नोंदवहीसाठी तासभर थांबणारी. दोन्हींचा वॉटरमार्क वेगळा, म्हणून एकाच टॉपिकवर दोन टेबलं बांधायची.

काफ्कावर एसक्यूएल चालवणाऱ्या केएसक्यूएलडीबीचंही नाव ऐकाल. काफ्कावर उभ्या असलेल्या कॉन्फ्लुएंट कंपनीने 2017 मध्ये ते केएसक्यूएल म्हणून आणलं, 2019 मध्ये नाव बदललं. पण 2023 मध्ये त्यांनीच फ्लिंकवर काम करणारी इमेरॉक कंपनी विकत घेतली. आज नव्याने शिकायचं तर फ्लिंकच शिका. ते अपाचे परवान्याचं, म्हणजे मुक्त स्रोत आहे.

विंडो नसलेलं ग्रुप बाय जपून वापरा. प्रत्येक कीची स्थिती, म्हणजे फ्लिंकने लक्षात ठेवलेला हिशोब, साठतच जाते. टीटीएल (तो किती वेळ ठेवायचा याची मुदत) लावायला विसरू नका.

सरावाला काफ्काही लागत नाही. लॅपटॉपवर फ्लिंक चालवा, त्यातल्याच डेटाजेन कनेक्टरने बनावट नोंदी तयार करा, वेळेच्या कॉलमला मॅक्स-पास्ट द्या म्हणजे काही नोंदी मागच्या वेळेच्या येतील. मग वॉटरमार्क कमी-जास्त करून किती गळतात ते मोजा.