फुटबॉल वर्ल्डकपमध्ये ३२ ऐवजी ४८ संघ झाल्यावर फॉरमॅट नेमका कसा बदलतो?

खरी अडचण बाद फेरीची आहे. तिथे ८, १६, ३२ असेच आकडे चालतात. ४८ संघांचे चारचे १२ गट केले की पहिले दोन मिळून २४ होतात, ३२ भरायला ८ कमी पडतात. म्हणून तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम ८ संघही पुढे जातात आणि ‘राउंड ऑफ ३२’ ही नवी फेरी येते. सामने ६४ वरून १०४, विजेत्याला ७ ऐवजी ८ खेळावे लागतात.

माझ्या मते नुकसान साखळी फेरीचं आहे. पूर्वी ४८ सामन्यांत १६ संघ बाहेर जायचे. आता ७२ सामने खेळूनही १६च जातात. शिवाय तिसऱ्या क्रमांकांची तुलना गटांबाहेर होते: आधी गुण, मग गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल), मग केलेले गोल. आधी आटोपलेल्या गटातला संघ ताटकळत बसतो, तर शेवटच्या गटाला किती गोल पुरेत हे आधीच ठाऊक असतं. २०१६ च्या २४ संघांच्या युरोत (युरोपीय देशांच्या स्पर्धेत) पोर्तुगाल तीन बरोबरींवर, ३ गुणांनी तिसरा येऊन पुढे गेला आणि चषकही जिंकला. अल्बानिया ३ गुणांवरच, पण उणे २ गोलफरकामुळे बाहेर!

तीन-तीनचे १६ गट करायचं आधी ठरलं होतं. पण त्यात शेवटच्या सामन्याला एक संघ बसून राहतो आणि उरलेले दोघे सोयीचा निकाल लावू शकतात. १९८२ च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया सामन्यात तेच दिसलं होतं. फिफाने (फुटबॉलच्या जागतिक संघटनेने) २०२३ मध्ये तो बेत सोडला, ते योग्यच झालं.