आजोबांच्या गाडीचे जुने फोटो: स्लाइडचे पुठ्ठे आधी जपा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण हाच गुंता आमच्याही घरात होऊन गेलाय. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहिलेले आजी-आजोबा, डबा भरून स्लाइड आणि छोटे फोटो, त्यात दोन गाड्या, आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं. तुमच्याकडे काका म्हणतात "मॉरिस", आत्या म्हणते "ती तर पुण्यातली अँबॅसेडर", आणि दुसऱ्या गाडीच्या नंबरप्लेटचं शेवटचं अक्षर सी की जी यावर वाद. गाड्या कुठल्या, फोटो कधीचे आणि त्यातली एखादी आज कुठे असेल का, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी सहज लिहिलंय, "सोमवारी सगळं एका दुकानात स्कॅनिंगला देतोय."

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. देऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म, ब्रिटनमध्ये घ्यायची तेव्हा धुण्याचे पैसे बहुधा किमतीतच धरलेले असत. रीळ पाकिटात घालून कोडॅकच्या हेमेल हेम्पस्टेडमधल्या प्रयोगशाळेला पाठवायचं, आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या स्लाइड टपालानं घरी यायच्या. अशा बऱ्याच पुठ्ठ्यांवर फिल्म धुतल्याचा महिना आणि साल यांचा शिक्का असतो. कधी तो शाईचा असतो, कधी नुसता दाबलेला, तिरप्या उजेडात धरल्याशिवाय न दिसणारा. शिवाय फ्रेमचा क्रमांक असतो आणि नशीब असेल तर आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलेला एखादा शब्द. फोटोची तारीख ठरवायला याच्याइतका भक्कम पुरावा घरात दुसरा नसतो. फक्त एक लक्षात ठेवा, शिक्का फिल्म धुतल्याचा आहे, फोटो काढल्याचा नाही. मार्चचा शिक्का असलेल्या रिळात नाताळचे फोटो सर्रास सापडतात, कारण छत्तीस फ्रेम संपेपर्यंत रीळ कॅमेऱ्यातच असे.

आमच्या स्लाइड ज्या दुकानात गेल्या, त्यांनी सगळी फिल्म पुठ्ठ्यांतून काढून पातळ प्लास्टिकच्या चौकटींत घातली, कारण त्यांच्या यंत्रात पुठ्ठा अडकायचा. पुठ्ठे कचऱ्यात गेले. शिक्के गेले, अक्षरं गेली, डब्यातला क्रम गेला. विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला चित्रं हवी होती, ती दिली." त्यावर यंत्रानं प्रत्येक चित्राच्या कडा आपोआप छाटल्या होत्या, आणि गाडी नेमकी कडेला उभी असलेल्या फोटोंतून नंबरप्लेटचा शेवटचा भाग उडाला होता. फिल्म हातात असल्यानं कडा पुन्हा स्कॅन करून मिळाल्या. पुठ्ठ्यांवरचं काहीच परत मिळालं नाही. हा तोटा पैशांत मोजता येत नाही आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. दुकानं सगळीच अशी असतील असं नाही, पण काम देताना तुम्ही सांगितलं नाही तर ते त्यांच्या सोयीनं करणार.

म्हणून आधी हे करा. डबा ज्या क्रमानं भरलाय त्याच क्रमानं प्रत्येक पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीनं क्रमांक घाला. बॉलपेन नको, शाई उतरते. मग प्रत्येक पुठ्ठ्याचा पुढून आणि मागून मोबाइलनं फोटो घ्या, उजेड बाजूनं ठेवून, म्हणजे दाबलेला शिक्काही उठून दिसेल. कागदी फोटोंचीही मागची बाजू घ्या, त्यावरचा प्रयोगशाळेचा शिक्का आणि कागद बनवणाऱ्याचं नाव कामाला येतं. एवढं झाल्यावर स्कॅनिंगला द्या, आणि पावतीवर लिहून घ्या: फिल्म चौकटीतून काढायची नाही, कडा छाटायच्या नाहीत, धूळ काढणारी सोय बंद, रंग "सुधारायचे" नाहीत, फाइल टिफमध्ये (चित्राचा तपशील न गाळता साठवणारा प्रकार) हवी. ३५ मिमीच्या स्लाइडला ३२०० ते ४००० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे बिंदू) पुरतात. छोट्या कागदी फोटोंना ६००, पण फोटो निगेटिव्हच्याच आकाराचा असेल तर १२००. निगेटिव्ह हाताशी असेल तर कागदाच्या मागे लागूच नका, निगेटिव्हच स्कॅन करा.

धूळ काढण्याच्या सोयीबद्दल एवढं बजावून सांगायचं कारण असं की ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. चांदीवर बनलेल्या कृष्णधवल फिल्ममध्ये आणि बऱ्याचदा कोडॅक्रोममध्येही हे किरण चित्रालाच अडतात. यंत्राला चित्राचा तुकडाच धूळ वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. नंबरप्लेटवरची बारीक अक्षरं त्यात पहिली जातात. आणि हल्लीची ती अस्पष्ट फोटो "स्पष्ट" करून देणारी ॲप्स या कामाला अजिबात वापरू नका. ती अक्षरं वाचत नाहीत, बनवतात. पुसट सीचा सुबक जी करून देतील आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवून चुकीच्या सालात शोधत बसाल. आजीच्या चेहऱ्यासाठी वापरायची तर वेगळी प्रत काढून खुशाल वापरा.

आणखी एक, फोटो उलटा स्कॅन झालाय का ते पाहा. स्लाइडची एक बाजू चकचकीत आणि दुसरी थोडी मंद, उठावदार असते. बाजू चुकली की सगळं आरशातल्यासारखं येतं. नंबरप्लेट दिसत नसेल तर स्टिअरिंग बघा, ते उजवीकडेच हवं. तेही दिसत नसेल तर आजीचा पदर बघा. आपल्याकडच्या नेसण्यात तो डाव्या खांद्यावर असतो. उजवीकडे दिसला, तर आजी गुजराती पद्धतीनं नेसत होत्या का हे घरात विचारा. नसतील तर स्कॅन उलटा आहे.

आता गाड्या. पहिलीबद्दल काका आणि आत्या दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मॉरिस ऑक्सफर्डची सीरीज थ्री १९५६ ते १९५९ या काळात इंग्लंडमध्ये बनली, आणि तिच्यावरूनच हिंदुस्थान मोटर्सनं उत्तरपाड्याला अँबॅसेडर काढली. सुरुवातीच्या अँबॅसेडर आणि सीरीज थ्री यांची अंगकाठी एकच. स्टिअरिंगवरून देश कळणार नाही, कारण दोन्हीकडे ते उजवीकडेच. पुढच्या जाळीत बारीक चौकोनांची वीण दिसली तर ती साठच्या दशकातली मार्क टू अँबॅसेडर, म्हणजे फोटो भारतातलाच. जाळीवरून ठरत नसेल तर नंबरप्लेट. इथं एक सोपा नियम आहे: तीन अक्षरांपुढे चार आकडे असतील तर ती पाटी ब्रिटनची असूच शकत नाही. तिथं तीन अक्षरांना जास्तीत जास्त तीनच आकडे जोडत. मुंबई-पुण्याच्या तेव्हाच्या पाट्यांवर मात्र तीन अक्षरं आणि चार आकडे नेहमीचे. पाटी दिसत नसेल तर गाडी सोडा आणि मागची घरं बघा. छपरांवर धुराड्यांची रांग आणि दारात दुधाच्या बाटल्या असतील तर आत्याला समजावणं सोपं जाईल.

जाता जाता, डब्यात ट्रायम्फ हेराल्डसारखी गाडी दिसली तर दारं मोजा. इंग्लंडमध्ये चार दारांची हेराल्ड कधीच बनली नाही, ती मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं आपल्याकडे काढली. चार दारं म्हणजे फोटो इंग्लंडचा नव्हे.

दुसरी गाडी तुमच्या वर्णनावरून फोर्ड कॉर्टिना आहे. मागचे दिवे गोल आणि आत तीन भागांत विभागलेले, असं तुम्ही लिहिलंय. ही पहिली कॉर्टिना, १९६२ मध्ये आलेली. ऑक्टोबर १९६६ मध्ये मार्क टू आली, ती चौकोनी अंगाची, तिला हे दिवे नाहीत. यावरून तुमचा सी-जीचा वाद मिटतो. ब्रिटनमध्ये नंबराच्या शेवटी सालाचं अक्षर लावायला १९६३ मध्ये सुरुवात झाली. ए म्हणजे १९६३, बी १९६४, सी १९६५, डी १९६६. पुढे ई फक्त जानेवारी ते जुलै १९६७ चालला, कारण तिथून वर्ष ऑगस्टपासून मोजायला लागले. त्या हिशेबानं जी म्हणजे ऑगस्ट १९६८ ते जुलै १९६९. पहिली कॉर्टिना तेव्हा नवी मिळतच नव्हती. म्हणजे अक्षर सी, नोंदणी १९६५ची. याची पडताळणीही होते. १९६४ च्या शरदात या गाडीत बदल झाले आणि मागच्या खिडकीच्या खांबावर हवा बाहेर जायच्या झडपा आल्या. तुमच्या फोटोत त्या दिसायला हव्यात. नसतील तर ती शोरूममध्ये पडून राहिलेली जुनी गाडी असू शकते, किंवा अक्षर पुन्हा नीट वाचावं लागेल.

मॉडेलवरून नंबर आणि नंबरावरून मॉडेल असं दोन्हीकडून तपासायचं, एकावर विसंबायचं नाही. मॉरिस मायनर हे याचं उत्तम उदाहरण. पुढची काच मधोमध दुभागलेली असेल तर गाडी १९५६ च्या बदलाआधीची, अखंड असेल तर नंतरची मायनर १०००. हेडलाइट खाली जाळीशेजारी असतील तर अगदी सुरुवातीची. जवळून काढलेला फोटो असेल तर बॉनेटच्या मधोमध वर उचललेली सपाट पट्टी बघा. गाडी बाजारात यायच्या थोडं आधी तिचा आराखडा करणाऱ्या इसिगोनिसनं तिची रुंदी चार इंचांनी वाढवली, ती पट्टी त्याचीच खूण. बंपर आधीच तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांवर ते मधोमध कापून तुकडा घातलेले दिसतात.

नंबरातल्या तीन अक्षरांपैकी शेवटची दोन म्हणजे नोंदणी करणारं ठिकाण. कॉव्हेंट्रीची डीयू, एचपी, केव्ही, आरडब्ल्यू, व्हीसी आणि डब्ल्यूके. तुम्ही व्हीसी वाचलंय, ते जुळतं. मात्र सालाचं शेवटचं अक्षर नाही म्हणून गाडी १९६३ पूर्वीचीच, असा निष्कर्ष काढू नका. बऱ्याच नगरपालिकांनी ते अक्षर उशिरा सुरू केलं आणि १९६५ पासून ते सगळीकडे सक्तीचं झालं. पाटीचा रंगही बघा. काळ्यावर पांढरी अक्षरं ही जुनी पद्धत. पुढे पांढरी, मागे पिवळी चमकणारी पाटी १९६८ पासून चालू लागली आणि १९७३ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक झाली.

गाडी आज आहे का, याचं उत्तर बहुतेक निराश करणारं असतं. डीव्हीएलए, म्हणजे ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. काही सापडलं तर रंग, इंजिनाचा आकार आणि नोंदणीचा महिना मिळेल, ते फोटोशी ताडून पाहा. काहीच सापडलं नाही तर नंबर चुकीचा वाचला असं समजू नका. स्थानिक कार्यालयांच्या वह्यांतून या खात्याच्या स्वान्सीतल्या संगणकावर नोंदी नेण्याची मुदत १९८३ च्या अखेरीस संपली, आणि त्याआधीच भंगारात गेलेल्या असंख्य गाड्या संगणकावर कधी चढल्याच नाहीत. मग त्या जुन्या वह्या शोधायच्या. काही जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत आहेत, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्ट या जुन्या वाहननोंदी जपणाऱ्या संस्थेकडे, आणि पुष्कळशा नष्ट झाल्या आहेत. पत्र लिहिताना पूर्ण नंबर आणि अंदाजे साल द्या, "माझ्या आजोबांची गाडी" एवढ्यावर कोणी वही उघडत नाही. आधीच्या मालकांची नावं सहसा देत नाहीत, ती मागायचे नियम वेगळे आहेत आणि बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी ताजी माहिती बघून घ्या. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मॉरिस-ऑस्टिनच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत, पण त्यांना चॅसी नंबर (कारखान्यानं गाडीच्या सांगाड्याला दिलेला क्रमांक) लागतो आणि फोर्डसाठी त्यांचा उपयोग नाही.

रंगाबद्दल घाई नको. त्या काळच्या कागदी रंगीत फोटोंतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं लालसर दिसायला लागतं. करडी गाडी तपकिरी वाटते, फिकट हिरवी मळकट पिवळी. अंधारात ठेवलेली कोडॅक्रोम स्लाइड मात्र रंग चांगले धरते. त्याच गाडीची स्लाइड असेल तर तिच्यावरच विसंबा, आणि फोटोत पांढरा शर्ट किंवा दुधाची बाटली असेल तर आधी तिचा पांढरेपणा जुळवा.

तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतोय तो चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला अल्बम. त्यातले फोटो ओढून काढू नका. पान जसंच्या तसं आधी स्कॅन करा. मग दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवा. अडला तर थांबा, फोटो तिथेच राहू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घडीचं, शिक्के मारलेलं जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीची नोंदणीपुस्तिका, कागदांत आहे का ते शोधा. त्यात मालक कधी बदलला त्याच्या तारखा असतात, आणि चॅसी नंबरही असतो. ऑक्सफर्डचं सापडलं तर गेडनला लिहायचा रस्ता मोकळा होईल. इथे त्याचा फोटो टाकणार असाल तर पत्ता झाकून टाका, आणि पुठ्ठ्यांचे फोटो सोमवारच्या आधी काढून घ्या.