समूहाकडे भक्कम भांडवल असताना चार प्रादेशिक विमा कंपन्या वेगळ्या कशाला चालवायच्या? एकत्र करून खर्च का वाचवू नये?

हाच प्रश्न आमच्या मुख्यालयातले एक साहेब दर बैठकीत विचारायचे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मी अशाच एका प्रादेशिक कंपनीत आग आणि पुराच्या विम्याचा अंडररायटर होतो, म्हणजे जोखीम तपासून पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवणारा. एका गोदामाचं प्रपोजल आलं. पूरनकाशात जागा धोक्याच्या रेषेबाहेर, सर्व्हे रिपोर्ट स्वच्छ. मी नकार दिला. समोरच्या रस्त्यावर दर वेळी जुना थर न खरवडता नवं डांबर चढायचं. रस्ता वर गेला आणि गोदामाचं जोतं त्याच्या खाली राहिलं. शटरसमोर वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध नुकताच घातलेला, आतल्या भिंतींना गुडघ्यापर्यंतच ताजा रंग. पाणी शिरतच नसेल तर ही खटपट कोण करेल? सर्व्हेअरने फोटो काढले ते वरच्या थप्प्यांचे.

साहेबांचा मेल आला: ‘मॉडेलमध्ये बसतंय, करून टाका.’ मी केलं नाही, तर त्यांनी वरून पॉलिसी काढली. पुढच्या मोठ्या पावसात खालच्या थरातली सगळी पोती भिजली. क्लेम पडला आमच्या लॉस रेशोत (हप्त्यांच्या तुलनेत क्लेमचं प्रमाण), टार्गेट गाठल्याची शाबासकी मुख्यालयाला, आणि वर मलाच विचारणा, तुमच्या भागाचे आकडे का घसरले? तो मेल अजून जपून ठेवलाय.

म्हणजे स्थानिक कंपनी एकटी पुरे असं नव्हे. सगळी जोखीम एकाच भागात असली की एक आपत्ती पुरते. 2018 च्या कॅम्प फायर वणव्यात कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज शहर जळालं आणि मर्सेड प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी ही छोटी कंपनी त्याच वर्षी बुडाली. 1861 मध्ये स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस शहर जळालं तेव्हाही विम्याचे पैसे अपुरे पडले. त्यातूनच 1863 मध्ये स्विस री ही पुनर्विमा कंपनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी कंपनी, उभी राहिली. समूहाचं भांडवल हवं ते यासाठी. चारही भागांवर एकाच दिवशी वादळ येत नाही, म्हणून चौघींचा पुनर्विमा एकत्र घेतला तर स्वस्त पडतो. पुनर्विमा, गुंतवणूक, आयटी, ॲक्च्युअरी (जोखमीचं गणित मांडणारे) खुशाल एकत्र करा. पॉलिसी नाकारायचा अधिकार आणि क्लेम मात्र स्थानिक माणसाकडेच ठेवा. त्याचा नकार डावलायचाच असेल तर ती पॉलिसी मुख्यालयाच्या खात्यात टाका. मी हे लेखी सुचवलं होतं. उत्तर आलं नाही.

हां, मोटार विम्यात एवढं स्थानिक ज्ञान लागत नाही, तिथे साहेबांचं मॉडेल चालतं. आणि स्थानिक माणूस एजंटांच्या जास्त जवळ गेला की वेगळीच भानगड होते, त्यामुळे फायली बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्याव्याच लागतात. माझ्याही तपासल्या जायच्या.